राक्षसाच्या बाजूची पोर

माझ्या लेकीला कार्टूनमधला राक्षस आवडतो. नायक नाही, नायकाचं बोलणारं कुत्रंही नाही. काळा झगा घातलेला, लांब नाकाचा, समुद्राखालच्या गुहेत एकटाच राहणारा तो राक्षस. शाळेच्या वेशभूषेला वर्गातल्या पोरी परी झाल्या, डॉक्टर झाल्या, फुलवाल्या झाल्या. माझी राक्षस झाली. झगा मीच शिवला, गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांचं उरलेलं काळं अस्तर जोडून. शिवताना माझी धुसफुस चालूच होती.

आम्ही दोघी उंब्रजला राहतो, माझ्या माहेरी. हायवे जवळ असल्यामुळे आमच्या घरात सगळं मोठ्यानंच चालतं: माझं शिलाई मशीन, आईचा टीव्ही, भावाचं बोलणं. लेकीचे वडील सांगलीला असतात, दुसरा संसार मांडून. सुरुवातीला ते दर रविवारी तिला भेटायला यायचे. मग फक्त सणाला यायला लागले. मग नुसता फोन, आणि आता तोही नाही. आमच्याकडे त्यांचं नाव कोणी घेत नाही. ‘तो’ म्हणतात, आणि सगळ्यांना बरोबर कळतं. गॅस संपला तरी त्याचा उद्धार, मिक्सर बिघडला तरी त्याचाच. मीही त्यात मागे नसते. त्यानं माझं जे केलं ते केलं, आणि त्याच्याबद्दल चांगलं बोलायचा मक्ता मी घेतलेला नाही.

राक्षसाचं हे वेड बघून आईनं लगेच निकाल लावला. “बापावर गेलीया. वाईट त्येवढंच आवडतंय.”

मी आईवर खेकसले, पण माझ्या मनात तरी दुसरं काय होतं? मला एकाच गोष्टीची भीती वाटते. मोठी झाली की ही त्याच्याकडे निघून जाईल. मी इथं मशीन मारून कंबर मोडून घेणार, आणि ही एक दिवस पिशवी भरून सांगलीची एसटी धरणार. ही भीती मी कोणाला बोलून दाखवली नाही. तिला वळण लावायला मात्र लागले. जेवताना समजावायचे, “तो राक्षस वाईट आहे. लोकांना फसवतो. त्याचं कोणी नाही, ते उगाच नाही.”

ती भाकरी कुस्करत म्हणायची, “म्हाईत हाय मला.”

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. कार्टून संपत आलं की ती टीव्ही बंद करायची. मला वाटायचं, कंटाळली. आई खूश व्हायची, कारण तिला तिची मालिका लावता यायची. एकदा लेक शाळेत असताना ब्लाउजांना हुक लावता लावता मी तेच कार्टून शेवटपर्यंत बघितलं. शेवटी राक्षसाला दोरीनं बांधतात आणि खड्ड्यात ढकलतात. वर सगळं गाव टाळ्या वाजवतं. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर पुन्हा तोच खड्डा आणि त्याच टाळ्या. आमची बाई नेमकी त्याच्या आधी उठायची.

मग दिवाळी आली. आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून अंघोळ झाली की तुळशीपुढं चिरांटं फोडतात. चिरांटं म्हणजे बांधावरच्या वेलीचं लिंबापेक्षा लहान, कडूजहर फळ. तोच त्या दिवशीचा नरकासुर. डाव्या टाचेखाली त्याला चिरडायचं आणि मगच फराळाला बसायचं. आमच्या घरानं या रिवाजाला स्वतःची एक जोड दिली आहे. फोडताना ज्याच्यावर राग असेल त्याला आठवायचं. भाऊ ऊसतोडीच्या मुकादमाला आठवतो, आई स्वतःच्या गुडघ्याला. माझी पाळी आली की कोणी काही विचारत नाही. नुसते हसतात. सगळ्यात मोठं चिरांटं भाऊ दरवर्षी माझ्यासाठी राखून ठेवतो.

या वर्षी माझ्या आधी लेकीची पाळी होती. अंगाला उटण्याचा वास, केस ओले, नवा फ्रॉक. ती चिरांटं मुठीत धरून उभी राहिली.

“हां, ठेव खाली,” भाऊ म्हणाला. “कुणाच्या नावानं फोडायचं, सांगू का?”

“मी न्हाई फोडणार.”

“आगं, राक्षस हाय त्यो!”

“म्हणूनच.”

भाऊ हसला. आईनं माझ्याकडे बघून मान हलवली. बघ, मी सांगत नव्हते? असं ते मान हलवणं. माझं डोकं फिरलं. ऐन सणाच्या दिवशी, माझ्या घरात, माझीच पोर त्याच्या बाजूनं उभी! मी माझं चिरांटं खाली ठेवलं आणि सगळा जोर टाचेत आणून फोडलं. रस फरशीवर उडाला, बिया तुळशीच्या कट्ट्याला जाऊन चिकटल्या. भाऊ म्हणाला, “लय भारी!” मी पाय धुतला आणि चिवड्याच्या ताटल्या भरायला आत गेले. लेक माझ्या मागे आली नाही, हे मला तेव्हा बरंच वाटलं.

दुपारी तिला जेवायला बोलवायला अंगणात गेले. तिथं तिनं दिवाळीचा किल्ला केला होता. वर पेरलेले अळीव उगवले होते, बुरुजावर मातीचे मावळे होते, आणि खाली, दगडांच्या आडोशाला, एक गुहा. गुहेत सकाळी न फोडलेलं तिचं चिरांटं ठेवलेलं. त्याच्या शेजारी आणखी एक होतं, मोठं. ते फुटलेलं होतं. सालीचे तुकडे एकमेकांना लावून त्यावर माझ्या मशीनच्या खणातला लाल दोरा गच्च गुंडाळला होता. फटींतून बिया परत आत भरल्या होत्या.

“हे काय गं?”

“तुझंच हाय. सकाळचं.” तिची बोटं हिरवी झाली होती. “नीट जुळंना. एक तुकडा घावलाच न्हाई.”

“नरकासुर ना हा?”

तिनं दोऱ्याचा आणखी एक वेढा आवळला. मग म्हणाली, “आई, टीव्हीतल्या राक्षसाला पोरगी असंल का गं?”

“नसेल.”

“असंल,” ती म्हणाली. “दाखवत न्हाईत.”

एरवी माझ्या तोंडाला लगाम नसतो. त्या दिवशी मी तिथंच मातीत बसले. नवी साडी होती, तरी बसले. तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि घ्यायची लाजही वाटत होती. हायवेवरून गाड्या चालल्या होत्या, साताऱ्याकडे आणि कराडकडे. कराडकडून, म्हणजे सांगलीच्या बाजूनं, एखादी गाडी आली की तिची मान जरा वर व्हायची, आणि पुन्हा खाली. हे ती कधीपासून करत होती कोण जाणे.

दोऱ्याचं सुटलेलं टोक तिनं पुन्हा आत खोचलं. चिरांटं गुहेत सरळ ठेवलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“पुढच्या वर्षी जरा हळू फोड.”