बस्त्याव चुकले नव्हते

फिलूमावशीचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होते. मागच्या अ‍ॅक्सलवरचं खारं पाणी पुसत होते, हात ग्रीसने माखलेले, म्हणून फोन खांद्याने दाबून कानाशी धरला. "बाय, तुजे मामा गेले गो," ती म्हणाली. "सकाळी चाय घेवन पडवेत बसलले, तसेच रवले..." मी गाडीखालून बाहेर आले नाही. तिथेच आडवी पडून वर दिसणाऱ्या वायरी बघत राहिले. त्यातली प्रत्येक वायर त्यांच्या हाताखालून गेलेली होती.

बस्त्यावमामा आणि त्यांची बायको फिलूमावशी माझ्या नात्यातले कोणी नव्हेत. कसालला हायवेलगत त्यांचं गॅरेज, पत्र्याची शेड आणि पुढे एक आंब्याचं झाड. आजूबाजूच्या दहा गावांतले ट्रक, टेम्पो आणि आमच्या किनाऱ्यावरच्या होड्यांची इंजिनं त्यांच्याकडे यायची. दफनाला आमच्या किनाऱ्यावरची बरीच माणसं आली होती. चर्चबाहेर उभं राहून बोलताना बाबल तांडेल, म्हणजे आमच्या रापणकरांचा, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांचा, म्होरक्या, म्हणाला, "बस्त्याव सोन्यासारखो माणूस. जल्मात एकदाच चुकलो, तो आमच्या होडयेवर." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले. चार वर्षं गप्प होते, त्या दिवशी त्यांच्या कबरीपासून पन्नास पावलांवरही गप्पच राहिले. गेलेल्या माणसाचे गुण आठवून डोळे पुसायला लावणारे लेख पुष्कळ येतात. मला त्यात भर घालायची नाही, एक दुरुस्ती करायची आहे.

नवरा गेल्यावर मी मुंबई सोडून सासरच्या नारळाच्या बागेत येऊन राहिले. बाग उताराची, वाट मातीची, नारळ काढायला टेम्पो येईना. तेव्हा गोव्यातल्या एका खाणीवर राबलेला उंच ट्रक मी विकत घेतला, चारही चाकांना ओढ असलेला. गावात महिनाभर तोच विषय. बस्त्यावमामांनी मात्र ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरवर थाप मारली आणि म्हणाले, "जनावर बरा आसा. पण तुका त्याची भाषा शिकूक होयी." आणि खरंच शिकवली. पाना कसा धरायचा इथपासून. माझ्या वयाच्या बाईला गाडीखाली सरपटायला लावताना त्यांना संकोच वाटला नाही, म्हणून मलाही वाटला नाही.

या ट्रकमध्ये एक बटण आहे. साधी गाडी वाळूत रुतली की ज्या चाकाला पकड नाही तेच गरगर फिरत राहतं आणि पकड असलेलं चाक नुसतं उभं राहतं. ते बटण दाबलं की मागच्या अ‍ॅक्सलमध्ये एक छोटी मोटर कुलूप लावते आणि दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. मामा म्हणायचे, दोन बैल एका जुवाखाली आले. कुलूप लागताना मागून 'खट' असा आवाज येतो आणि समोरचा लुकलुकणारा दिवा स्थिर होतो. या बटणामुळेच मी किनाऱ्यावर होड्या ओढायला लागले. रापणकरांचा ट्रॅक्टर बंद पडला होता आणि बाबलने नाइलाजाने मला बोलावलं होतं. "ह्या बायलमाणसाचा काम न्हय," असं पहिल्या दिवशी चारजण मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले. एक हंगाम गेल्यावर ते म्हणणं बंद झालं. मला त्याचा किती अभिमान होता, ते आता लिहितानाही अंगावर येतं.

आता माझा शहाणपणा सांगते. आमच्याकडे होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं काळं तेल लावतात. ते वाळलं की कडक साय धरतं, मग खारं पाणी आत शिरत नाही. माझ्या मनात आलं, होडीला चालतं ते ट्रकला का नाही? मामांनी मागच्या अ‍ॅक्सलचं ऑइल बदलून दिलं, त्यानंतर आठवड्याभरात मी गाडीची अख्खी चासी त्या तेलाने रंगवली. आणि माझं काम म्हणजे नीटनेटकं! वाटेत आलेले बोल्टसुद्धा सोडवले, त्यांच्याखालीही हात मारला, पुन्हा घट्ट आवळले. त्यातच एका बोल्टखाली अर्थिंगची काळी वायर होती. ती साफ पुसून मी तेलाच्या थरावर परत बसवली. किनाऱ्याबाहेरच्या माणसाला ही चूक सुचलीसुद्धा नसती.

महिनाभर काही झालं नाही. मग एके दिवशी वादळाचा इशारा आला. समुद्र फुगत होता आणि सहा होड्या दुपारच्या भरतीआधी वर घ्यायच्या होत्या. पहिली होडी बाबलची. मी बटण दाबलं, दिवा लुकलुकत राहिला, पण खट झालं नाही. मी घाईत तशीच गाडी रेटली. एक चाक फिरत वाळूत खोल गेलं, दोर सैल पडला, लाटेने होडी आडवी केली आणि ती खडपावर, किनाऱ्यालगतच्या खडकांवर, आपटली. फळी फुटल्याचा आवाज मला गाडीच्या काचा बंद असतानाही ऐकू आला... त्या होडीवर नऊ घरं चालत होती. माणसांनी ती खांद्यांनी रेटून वर काढली. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

मी शहरातल्या वर्कशॉपला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, मोटरच्या वायरी सोडवून त्यांना मीटर लावा. लावला, बारा दाखवले. "करंट येतोय म्हणजे मोटर गेली, पूर्ण अ‍ॅक्सल बदला, आठ दिवस लागतील." आठ दिवस! भरतीला पाच तास होते. मग मामांना फोन केला. तासाभरात ते स्कूटरवरून हजर, खांद्याला पिशवी.

मामांची एक रीत होती. ते आधी बसायचे. घाईवाल्याला त्याचा संताप यायचा, मलाही आला. "शेवटची बरी खंय चललली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "त्यानंतर काय काय केलंस?" मी सगळं सांगितलं, फक्त तेलाचं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, ते मला गाडीचं लाडकोड वाटत होतं, बिघाडाशी त्याचा संबंध काय? रापणकरांतला एकजण म्हणाला, मोटर खोलून तरी बघा. मामा उठलेसुद्धा नाहीत. "खोलूक कोणाकय येता. आधी कळूक होया."

मग पिशवीतून त्यांनी आपला दिवा काढला. जुन्या स्कूटरच्या मागच्या लाइटचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी, टोकांना चिमटे. मी म्हटलं, मामा, मीटरने बारा दाखवलेत. "मीटर बघणारो आसा, ओढणारो न्हय. ओझा घातल्यार कळता." मोटरच्या दोन वायरींना चिमटे लावले आणि मला बटण दाबायला सांगितलं. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा मंद लाल झाला. मग त्यांनी काळ्या बाजूचा चिमटा लांब वायरीने थेट बॅटरीला नेला. बल्ब लख्ख! "येवची वाट बरी आसा," ते म्हणाले, "परत जावची वाट खंयतरी बंद आसा." काळी वायर बोटांनी चाचपत ते गाडीखाली शिरले आणि मी त्यांच्या मागोमाग. बोल्ट सापडला. त्यांनी नखाने खरवडलं, वायर आणि लोखंडाच्या मध्ये करंट अडवून बसलेली काळी साय नखात आली. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"बाय... हो वास होडयेचो."

गाडीखालच्या त्या अंधाऱ्या जागेत मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. पॉलिश पेपर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पांढरा लोखंड दिसासर घास." मी घासलं. वायर पुन्हा आवळली, मोटरच्या वायरी जोडल्या. जॅकवर मागची दोन्ही चाकं उचलली, बटण दाबलं आणि मागून खट असा आवाज आला. मामांनी एक चाक हाताने फिरवलं, दुसरंही त्याच दिशेला फिरलं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सगळे गोल करून उभे होते. बाबलने विचारलं, "काय झाला होता?" मी तोंड उघडलं, पण मामांचा आवाज आधी आला. फडक्याने हात पुसत ते म्हणाले, "माजी चूक. म्हयन्याआदी तेल बदललंय, तेव्हा वायर मियाच सैल सोडलंय."

मी गप्प राहिले. उरलेल्या पाचही होड्या भरतीआधी वर आल्या. संध्याकाळी ते स्कूटरला किक मारत असताना मी त्यांना विचारलं, असं का केलंत? "तुका उद्या हय गाडी चलवची आसा," ते म्हणाले. "माका कसालाक जावचा आसा." त्यांना ठाऊक होतं की बाईची चूक म्हटल्यावर मला परत कोणी किनाऱ्यावर उभं केलं नसतं.

पण कसाल काही दूर नव्हतं. त्यानंतर दोन हंगाम आमच्या होड्यांची इंजिनं त्यांच्याकडे गेली नाहीत. मी गॅरेजवर जायची तेव्हा इंजिनांची ती कोपऱ्यातली जागा रिकामी दिसायची. त्यांनी कधी शब्द काढला नाही. मी दर वेळी ठरवून जायची की आज त्यांना म्हणावं, मी सगळ्यांना खरं सांगते, आणि चहा पिऊन परत यायची. भित्री होते, दुसरं काही नाही.

मामांच्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, फिलूमावशीने मला तो दिवा दिला. "ह्येचा माका काय करूचा?" म्हणाली. मी तो घेऊन घरी गेले नाही, सरळ किनाऱ्यावर गेले. बाबल आणि बाकीचे जाळं शिवत बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं, तेल, बोल्ट, वायर, सगळं, आणि गप्प बसले तेही. कोणाची सुई हलेना. "चार वर्सां?" बाबलने एवढंच विचारलं, जाळं खाली ठेवलं आणि उठून गेला.

आठ दिवस मला कोणी बोलावलं नाही. मी रोज सकाळी ट्रक काढून किनाऱ्यावर नेऊन उभा करत होते. हाकलायचं असेल तर समोर हाकला. नवव्या दिवशी बाबल आला. मी गाडीखाली होते, दिवा लावून वायर तपासत होते, आता ओढण्याआधी रोज तपासते. तो गुडघ्यांवर बसला आणि आत वाकला.

"खंय धरूचो ह्यो?"

मी जागा दाखवली. त्याने चिमटा धरला, मी जाऊन बटण दाबलं आणि परत येऊन वाकले. बल्बचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता.

"म्हणजे बस्त्याव चुकूक नाय."

"नाय."

त्याने चिमटा सोडवला, वायरी मामा गुंडाळायचे तशाच नीट गुंडाळल्या आणि दिवा माझ्या हातात दिला.

"मगे लाव गाडी," तो म्हणाला, "होडी थांबली आसा."