कुंपणापलीकडचं कंट्री म्युझिक

मंडळी, आज बाबांनी मला रडवलं.

विमानं बंद झाल्यापासून बाबा आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, फोरबर्गला अडकलेत. शेजारचे डच आजोबा रोज चारला बागेत अमेरिकन कंट्री म्युझिक लावतात आणि इंग्रजीचा गंध नसलेले आमचे बाबा कुंपणाशी बसून टाळ वाजवतात. मला मेली लाज वाटायची.

आज गाणं लागलंच नाही. बाबांनी मला बेल वाजवायला पिटाळलं. आजोबा वरच्या खिडकीतून म्हणाले, कोरोना झालाय, खाली उतरवत नाही.

बाबांना येऊन सांगितलं, तर म्हणाले, "तुझ्या फोनवर त्यांचं ते घरच्या आठवणीचं गाणं लाव. मोठ्यानं."

"बाबा, ते घराबद्दल आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ऐकू येतं की!"

गाणं लागलं, टाळ वाजले. वर आजोबांनी खिडकीच्या चौकटीवर ठेका धरला.

उद्याची चारची मीटिंग मी पुढे ढकललीय. फोन बाबांना लागणार आहे.