लांबलेला हंगाम

घरात माणूस गेला की भेटायला येणारे पहिले दोन-तीन दिवस गप्प बसतात. मग चहा घेता घेता कोणीतरी एक किस्सा सांगतो, आणि त्याला धरून दुसरा येतो. आमचे हे गेले तेव्हा समुद्रपूरच्या घरी असंच झालं. बहुतेक किस्से बँकेचे आणि पेन्शनच्या केसचे.

*

ह्यांना बँकेत घेतलं ते कापसाच्या हंगामात, गर्दीपुरतं. मग तिथेच राहिले, आणि आणीबाणी उठली त्या वर्षी कॅशियर म्हणून निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, 'शाखेचा आधारस्तंभ' म्हणून मॅनेजरांचं भाषण. महिन्याभरात त्याच मॅनेजरांचं पत्र आलं. कायम केल्याचा हुकूम फाईलमध्ये नाही, सबब आपण शेवटपर्यंत हंगामीच. पेन्शन बसत नाही.

आमच्या म्हातारपणाची सगळी भिस्त त्या पेन्शनवर. ह्यांनी पत्राची घडी घातली.

"हंगाम लयच लांबला म्हना!"

*

वर्ध्याच्या कोर्टात बँकेच्या वकिलांनी ह्यांना दरडावून विचारलं, हंगामी माणसाकडे तिजोरीची किल्ली कोणी दिली?

ह्यांनी त्यांच्या मागे बसलेल्या मॅनेजरांकडे बोट केलं.

वकिलांनी पुढची तारीख मागितली.

*

शाखेतले क्लार्क देवराव वर्षानुवर्षं ह्यांच्या डब्यात जेवलेले. त्यांनी बँकेतर्फे साक्ष दिली, की हे हंगामीच होते असं ऐकून आहे.

परतीच्या एसटीत तेच देवराव आमच्या सीटपाशी येऊन उभे. म्हणाले, "वहिनी, माह्यी नोकरी हाये." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. हे सरकले.

"बस. उभा काऊन राह्यला?"

*

निकाल लागलाच नव्हता. एका तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी हे गेले. शाखेतलं माणूस गेलं, मग ते निवृत्त झालेलं का असेना, की दुसऱ्या दिवशी शाखा बंद ठेवून शोकसभा घ्यायची, ही तिथली जुनी रीत. सभेमुळे मॅनेजरांना कोर्टात जाता येईना. वकिलांना तसं सांगायला त्यांनी देवरावांना वर्ध्याला पाठवलं. पुढचं देवरावांनीच तेराव्याला सांगितलं, मान खाली घालून.

वकील उठले. शाखेतले एक कर्मचारी वारले, शाखा बंद आहे, मॅनेजर येऊ शकत नाहीत, पुढची तारीख द्यावी.

जजसाहेबांनी सहज विचारलं, "कायम कर्मचारी होते?"

वकिलांनी मागे वळून पाहिलं. देवराव उभे राहिले.

"हो साहेब. हंगामी मानसासाठी शाखा बंद नाई ठेवत."

जजसाहेबांनी ते लिहून घेतलं. मग नाव विचारलं.

देवरावांनी ह्यांचं नाव सांगितलं.