नीरफणसाच्या पक्षाचा अनुमोदक

लीड्समधल्या आमच्या गल्लीत एका देशाचं सरकार बनत होतं आणि त्यातलं निम्मं सरकार मी होतो. हसू नका. प्रशांत महासागरात बेटांचा एक देश आहे. नकाशावर शोधायला गेलात तर माशी बसलीय समजून झटकून टाकाल. तिथे एक नवा पक्ष निघाला आणि त्याच्या विलायतेतल्या शाखेची सभा दर रविवारी माझ्या किचनमध्ये भरायची. हजेरी कायम शंभर टक्के. कारण शाखेत माणसं दोनच, अध्यक्ष आणि सेक्रेटरी.

अध्यक्ष म्हणजे माझा शेजारी. तरुणपणी ब्रिटिश आर्मीत भरती होऊन इकडे आला, नंतर हॉस्पिटलात पोर्टर झाला आणि ट्रॉल्या ढकलता ढकलता रिटायर झाला. देह असा, की दारातून आधी डोकं यायचं, मग खांदे, आणि पाय आत येईस्तोवर माझा चहा उकळून गार झालेला असायचा. बायको गेल्यापासून माझ्या घरात फक्त फ्रिज बोलायचा. त्या घरात हा माणूस शिरला तो एका बिल्ल्यापायी.

कचऱ्याचे बिन बाहेर काढताना आमची गाठ पडली. त्याच्या कोटावर हिरव्या, खरखरीत फळाचा बिल्ला होता. मी ओरडलोच, "अरे, हा तर नीरफणस!"

त्याने माझे दोन्ही खांदे धरले. "तू ओळखलास? इथे लोक विचारतात, हा हातबॉम्ब आहे का!"

"आमच्या वेंगुर्ल्याला परसात झाड होतं. काप काढून तांदळाच्या पिठात घोळवून तळायचो. एका फळात अख्खा गाव जेवायचा, उरलेलं गोव्याला धाडायचो."

थाप त्याला कळली, पण आवडली. "आमच्याकडे एका फळात दोन बेटं जेवतात," तो म्हणाला. "ही आमच्या नव्या पक्षाची निशाणी. येतोस पक्षात?"

परक्या देशाच्या माणसाला सहयोगी सभासद होता येत होतं. पक्ष इतका नवा, की नाही म्हणायला कोणाला नेमलंच नव्हतं.

सभेचं वळण मात्र मी लावलं. लहानपणी गावच्या वाचनालयाच्या सभांना वडिलांबरोबर जायचो. अध्यक्षाला समजावलं, ठराव मांडणारा तो सूचक, त्याला दुजोरा देणारा तो अनुमोदक. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव बारगळतो. हा शब्द त्याच्या जिभेला फार गोड लागला. 'ओनुमोदोन' म्हणायचा. सूचक तो, अनुमोदक मी. मासेमारीचे परवाने, बेटांमधली बोट, शाळेचं छप्पर, सगळं धडाधड मंजूर. एकदा तर समुद्राची पातळी खाली आणण्याचा ठराव आम्ही एकमताने पास केला.

तुम्हाला सांगतो, एकट्या माणसाची खरी पंचाईत जेवणाची नसते, अनुमोदनाची असते. 'आज पिठलं टाकू या,' असं मी आठवडाभर मोठ्याने म्हणायचो. समोरून 'टाका की' म्हणणारं कोणी नाही. ठराव बारगळायचा आणि मी ब्रेड खायचो.

कार्डिफहून मुलगी फोन करायची. जन्म इथलाच, त्यामुळे तिच्या मराठीत खिचडीसुद्धा पुरुष. "बाबा, तुमचा खिचडी झाला का?"

"झाला. आता माझी मीटिंग आहे."

"परत ती मीटिंग? बाबा, तुम्ही त्या देशात कधी गेलात तरी का?"

"सेक्रेटरीने जायचं नसतं. सेक्रेटरीने सांभाळायचं असतं."

मग तिकडे निवडणूक लागली. अध्यक्षाच्या बेटावर उभं राहायला कोणी तयार होईना, म्हणून पक्षाने शाखेकडे नाव मागितलं. त्या रविवारी कॅरेबियन दुकानातून नीरफणस आणून मी काप तळले होते. त्याने एकालाही हात लावला नाही.

"सेक्रेटरी, ठराव आहे. शाखेने माझं नाव पाठवावं."

"जिंकलास तर?"

"तिथेच राहीन."

"आणि पडलास तर?"

"तिथेच राहीन. बहीण आहे, आईचं घर आहे. इथे परत यायला आहे काय?" बोलून गेला आणि प्लेटकडे बघत बसला.

मी म्हटलं, "कोरम नाही."

"दोघेही आहोत."

"आगाऊ नोटीस नाही."

"आत्ता देतो."

"माझी उपसूचना आहे. पुढच्या निवडणुकीला."

"सेक्रेटरी!"

"आणि मी अनुमोदन दिलंच नाही तर?"

"तर बारगळेल. तूच शिकवलंस. मोठे पक्ष नियम मोडतात म्हणून तर हा काढला ना आम्ही? तू गप्प बसलास, तर मी काप खाईन आणि पुढच्या रविवारी येईन."

आला असता हो! रागही धरला नसता, हीच तर अडचण. मी गप्प बसलो. फ्रिजने मधल्या वेळात लांबलचक भाषण केलं, पण फ्रिज सभासद नव्हता. अध्यक्ष कोटावरचा बिल्ला उगाच सरळ करत राहिला. एवढा अवाढव्य माणूस, पण खुर्चीत शाळेच्या पोरासारखा बसला होता.

"अनुमोदन," मी म्हणालो.

"ऐकू आलं नाही."

"अनुमोदन!" मी असा ओरडलो, की लीड्सची कबुतरं उडाली ती मँचेस्टरला जाऊन बसली.

तो गेला, उभा राहिला आणि सपाटून पडला. फोनवर खो खो हसत होता. "मी स्वतःला मत दिलं, सेक्रेटरी. बहिणीचं मात्र नक्की सांगता येत नाही!" मागे कोंबडे आरवत होते, पोरं ओरडत होती, कोणीतरी त्याला जेवायला हाका मारत होतं. "येतो, येतो," तो म्हणाला. ते मला नव्हतं.

आता रविवारी प्रभारी अध्यक्षही मीच. खुर्चीत बसतो, समोरच्या खुर्चीला नमस्कार करतो आणि कामकाजाला लागतो. त्याच्या जाण्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी ठराव मांडला, की सभा तहकूब करावी. बराच वेळ वाट पाहिली. अनुमोदक मिळाला नाही.

नियम म्हणजे नियम. ती सभा अजून चालू आहे.