माशांचं पाणी आणि ह्यांची आंघोळ

लग्न होऊन भिंगारला आले तेव्हा मी जेवताना गप्प बसायचे. त्यावरून आमच्या ह्यांनी निदान केलं की हिला समुद्राची आठवण येते. निदान अर्धं बरोबर होतं. समुद्र आठवायचा, पण ताटातला. माझं माहेर बंदराचं, वडील तिथल्याच कचेरीत, आणि घरात बांगडा शिजल्याशिवाय दुपार व्हायची नाही. भिंगारमध्ये रविवारी मटण मिळायचं. ताज्या बांगड्याचं नावही कोणी काढत नसे. मला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण नव्या नवरीला विचारत नाहीत, तिच्याविषयी ठरवतात.

हे लष्कराच्या एका कचेरीत कारकून होते. तिथल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांच्याकडची काचेची टाकी आमच्या ओसरीवर आली. आत खारं पाणी, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, शंखात राहणारा एक खेकडा आणि रात्रंदिवस फुसफुसणारा पंप. "घे, तुझा समुद्र," हे म्हणाले. इतक्या कौतुकाने म्हणाले की मला रागच आला.

"मुक्या जिवांना घरापासून तोडून आणलंय, माझ्यासारखंच," मी म्हटलं. "बघू इथं जगतात का."

एवढं बोलून मी भाकरी थापायला निघून गेले. ह्यांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. मासे जगले तर बायको रमेल, मेले तर माहेरी जाऊन बसेल, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. तसं ते चुकीचंही नव्हतं. होळी झाली की वडील मला न्यायला येणार होते, आणि एकदा गेले की लवकर परतायचं नाही हे मी ठरवूनच टाकलं होतं.

साहेब सांगून गेले होते की दर आठवड्याला टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढंच नवं घालायचं. शुद्ध पाणी आणि त्यात खडे मीठ. मिठाची काळजी नव्हती. मी जिभेवर थेंब टेकवून सांगायचे, आणखी मूठभर टाका किंवा आता पुरे, कारण त्या घरात समुद्राचं पाणी चाखलेली मी एकटीच. अडचण शुद्ध पाण्याची होती. दुष्काळाचं साल. टँकर यायचा, आणि त्याच्या पाण्याला जंतुनाशक पावडरीचा असा वास यायचा की चहा पितानाही दवाखान्यात बसल्यासारखं वाटे.

घरात बैठक बसली. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "पानी रातभर तांब्याच्या हंड्यात ठेवा. आमी जल्मभर तेच पितोय, काय झालं आमाला?" त्यांनी हंडा चिंचेने लखलखीत घासला आणि स्वतः भरून ठेवला, अगदी मनापासून. सकाळी ते पाणी टाकीत गेलं. संध्याकाळी खेकडा शंखातून अर्धा बाहेर येऊन पडला तो पडलाच. "त्याचं आयुष्यच तेवढं हुतं," आत्याबाई म्हणाल्या. अशा जिवांना तांबं सोसत नाही हे आम्हाला बऱ्याच वर्षांनी कळलं. तेव्हा त्या हंड्यावर संशय घेणं म्हणजे देव्हाऱ्यावर घेण्यासारखं होतं.

मग सासऱ्यांनी तुरटी फिरवली. पाणी इतकं नितळ झालं की शेजारपाजारचे बघायला आले. मासे मात्र वर येऊन तोंडं वासू लागले. ह्यांचं म्हणणं, पाणी उकळायचं. स्टोव्ह पेटला तशा आत्याबाई कडाडल्या, "मानसाला राकेल मिळंना आन् तू माशांना च्या करतो व्हय?"

त्यावरून मायलेकांत जुंपली. उकळायला काढलेली बादली अंगणात तशीच राहिली. तिला जो हात लावेल तो हरला असं दोघांनाही वाटत असावं, म्हणून कोणी लावला नाही. दोन दिवसांनी मी वैतागून ती तुळशीला घालायला उचलली, तर वास गेलेला. नाकाजवळ नेलं, जिभेवर घेतलं, काही नाही. उन्हावाऱ्याने पावडर उडून गेली होती. ते पाणी आम्ही कोळसा आणि वाळू भरलेल्या माठातून गाळलं, मीठ घातलं, टाकीत सोडलं. मासे तळाशी गेले आणि माझ्या माहेरच्या सुकटीचा चुरा खाऊ लागले. शुद्धीकरणाच्या सगळ्या पद्धतींत आमच्याकडे टिकली ती भांडणाची.

पण आता आत्याबाईंनी विचारलं, "ह्ये पानी कुनाच्या वाट्याचं?" त्यांचं चुकत नव्हतं. गल्लीत बायका एकेका कळशीवरून हमरीतुमरीवर येत होत्या, आणि आमच्याकडे भरली बादली नुसती ऊन खात बसणार. मला लाज वाटली. मी म्हटलं, राहू द्या.

"माझ्या आंघोळीची बादली घ्या," हे म्हणाले. "मी कचेरीत करीन. तिथं नळ हाय."

त्या वर्षी आंघोळ अशीही आठवड्यातून एकदोनदाच वाट्याला यायची, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. पुढे ह्यांचे बनियन कडक होऊ लागले. धुवायला घ्यावेत तर पाठीवर पांढरे डाग. मी समजले, घाम.

होळी झाली आणि वडील आले. मासे ठणठणीत होते. हे कचेरीतून आले आणि ओसरीवरच वडिलांच्या पाया पडायला वाकले. वडिलांनी आशीर्वाद द्यायच्या आधी वास घेतला.

"जावईबापू, खाडीवरून आलात की काय?"

आतून आत्याबाईच बोलल्या, "खाडी कशाची? कचेरीतला नळ संक्रांतीलाच आटला. तवापासून माशांचं काढलेलं पानी अंगावर घेतोय, मागल्या दारी. बायकूला सांगू नको म्हन्तो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. कानामागे मिठाची पांढरी रेघ होती. हा माणूस इतके दिवस माझ्यासमोर बसून जेवत होता आणि मी तो वास टाकीचा समजत होते. मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. हे घाबरून माशांकडे बघायला धावले.

रात्री वडील म्हणाले, "पिशवी भरून ठेव, सकाळची गाडी आहे."

"या खेपेला तुम्ही पुढं व्हा, बाबा," मी म्हटलं. "मी गेले तर मिठाचं बघणार कोण?"

पुढच्या वेळी टाकीचं पाणी बदललं तेव्हा मी माझ्या आंघोळीची बादली ह्यांच्यासाठी न्हाणीत ठेवली आणि माशांचं जुनं पाणी घेऊन मागल्या दारी गेले. डोळे मिटून ते अंगावर ओतलं. अंग चिकट झालं, केसांची पार वाट लागली, पण भिंगारला आल्यापासून पहिल्यांदा आंघोळ झाल्यासारखं वाटलं.