समतानं अर्जात आजार लिहिला नाही

युनिव्हर्सिटीचा नकार आला तेव्हा समता सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनवर होती.

मेल मीच वाचून दाखवला.

तिनं मास्क बाजूला करून विचारलं, "काहून नाही घेतलं, लिहिलं हाय काय?"

नव्हतं लिहिलं.

त्याच आठवड्यात ती गेली. आज तीन वर्षं झाली.

आम्ही दोघी नागपूरजवळच्या कन्हानच्या. पहिलीपासून एका बाकावर. समताला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांमध्ये अडकतात, आणि हाडं आतून कोणी पिळतंय असं दुखतं. आई आणि वडील दोघांच्याही रक्तात तो लपलेला असला तर मुलाला होऊ शकतो.

तिच्या आईबाबांना लग्नाआधी टेस्ट करा असं कोणी सांगितलंच नव्हतं.

बारावीत ती कॉलेजात पहिली आली. दिल्लीकडच्या एका मोठ्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत बायोलॉजी शिकायचं, तेही फुल स्कॉलरशिपवर, हे तिनं ठरवलं होतं.

अर्जात विचारलं होतं, अभ्यासाशिवाय काय काय केलं?

आमच्या कॉलेजात अभ्यासाशिवाय होतं काय? लॅबला कुलूप. खेळाचे सर कायम कुठल्यातरी ड्युटीवर. गॅदरिंग एकदा झालं, त्यात माईक चालला नाही.

नागपूरला प्रताप नगरात एका काउन्सेलर मॅडमचं फ्री सेमिनार होतं, तिथे गेलो. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी रोबोटिक्सच्या स्पर्धेसाठी सिंगापूरला जाऊन आलेली.

समता माझ्या कानात म्हणाली, "पायल, मी तं फक्त दवाखान्यात जाऊन आली वं."

खूप हसलो आम्ही.

शेवटी मॅडमशी बोलताना आजाराचा विषय निघाला. मॅडम एकदम खुलल्या. "अगं, मग हीच तुझी स्टोरी! यावरच निबंध लिही. नक्की घेतील."

परतीच्या बसमध्ये कामठी आल्यावर समता बोलली.

"आजार का मी केलेलं काम हाय? मले दुखते म्हणून नको घेऊ दे. काही केलं म्हणून घेऊ दे."

मग तिनं केलं.

लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनी आधी रक्त तपासावं, हे सांगत ती वस्तीत घरोघरी फिरली. पाय दुखले की कोणाच्याही ओट्यावर बसायची. काहींनी पाणी दिलं, काहींनी दार लावलं.

तिची आई रडायची. "बाई, लोकाइले कळन ना, पोरीले रोग हाय म्हणून."

"कळू दे. वस्तीले कळू दे. फक्त त्या अर्जात नाही लिहीन."

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना पटवून तिनं वस्तीतल्या बुद्ध विहाराच्या हॉलमध्ये रक्ततपासणीचा कॅम्प लावला. खुर्च्या आम्हीच मांडल्या. लोक येणार नाहीत असं वाटलं होतं. बाहेर रांग लागली.

त्या दिवशीइतकी खूश मी तिला कधीच पाहिली नाही.

रिपोर्ट आले. वस्तीत लग्न ठरलेल्या एका जोडीतले दोघंही वाहक निघाले. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं.

मुलीची आई समताच्या दारात येऊन ओरडली, "माह्या पोरीचं वाटोळं केलं तू! सोताचं तं होणार नाही, दुसऱ्याचंही होऊ देत नाही!"

समता हात जोडून उभी होती. "मावशी, तुमच्या नातवाले माह्यासारखं दुखू नये म्हणून..."

मावशीनं ऐकलं नाही.

विहार कमिटीनं कॅम्प बंद करायला सांगितलं. अर्जाला जोडायला तिनं आपल्या कामाचं पत्र कमिटीच्या सेक्रेटरी काकांकडे मागितलं, तर म्हणाले, "वाद शांत होऊ दे, मग पाहू."

पत्र मिळालं नाही. त्यानंतर तिची तब्येत ढासळली ती ढासळलीच. महिनोन्महिने घर नाहीतर वॉर्ड.

युनिव्हर्सिटीचा इंटरव्ह्यू ऑनलाइन होता, माझ्या घरून दिला. मी टेबलापलीकडे बसले होते.

पॅनेलवरचे सर शांतपणे म्हणाले, "एकच कॅम्प? मग काम थांबवलंत का? सातत्य दिसत नाही."

मी आजारी होते, एवढं एक वाक्य बोलायचं होतं तिला. फक्त एक.

ती म्हणाली, "सर, लोकांचा विरोध झाला. मी पुन्हा सुरू करणार आहे."

कॉल संपल्यावर मी चिडले. "काहून नाही सांगितलं तू आजारी होती म्हणून?"

"सांगितलं असतं तं घेतलं असतं वं. मले माहीत हाय."

"मग?"

"मग तिथं वर्गात बसून रोज वाटलं असतं, हे मले दया म्हणून भेटलं."

मी उठून तिच्यासाठी चहा ठेवला.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. सेक्रेटरी काका माईकवर बोलले, "समतासारखी कार्यकर्ती आपल्या वस्तीत पुन्हा होणे नाही. तिचं काम आपण पुढे नेऊ."

तिचे बाबा उठून बाहेर गेले.

त्यानंतर एकही कॅम्प झाला नाही. मी दोनदा प्रयत्न केला. लोक चहा पाजतात, विषय बदलतात. मला तिच्यासारखं ओट्यावर बसून राहता येत नाही.

या उन्हाळ्यातही वस्तीत लग्नं झाली. मांडव पडले, डीजे वाजले. कोणाचं रक्त तपासलं होतं, मला माहीत नाही. कोणी विचारलंही नसेल.

समता, तुला बरं वाटावं असं काहीतरी लिहायचं होतं आज. सापडलं नाही. खोटं कशाला लिहू?

जय भीम, मैत्रिणी.

आता दुखत नसेल, एवढंच.