ताम्हिणीच्या अलीकडे, रेंजच्या झाडाखाली

हिंजवडीचा फोन बुधवार ते शुक्रवार कधीही येणार होता, आणि मनीषाच्या वाडीत फोन लागत नाही. म्हणून मंगळवारी सकाळी मी सूसहून निघालो.

मनीषा ही माझ्या धाकट्या बहिणीची, हौसाची, नात. बारावी झाल्यावर तिने पौडला जाऊन-येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. हिंजवडीच्या एका कंपनीत हाताने लिहिलेले जुने कागद वाचून संगणकात भरायचं काम असतं. तिथली टायपिंगची परीक्षा ती पास झाली. आता फोनवर चार प्रश्न विचारणार आणि मग नेमणूक. फोन उचलला नाही तर यादीतलं पुढचं नाव घेणार, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. हे कळल्यापासून मला जेवण जाईना. तिच्याकडचा मोबाइल माझाच जुना आहे. त्याची बॅटरी कशी आहे ते मला ठाऊक.

सून म्हणाली, "आबा, तुम्ही जाऊन काय तो लवकर वाजणार आहे का?"

बीपीच्या गोळ्या अर्ध्या खिशात आणि अर्ध्या पिशवीत ठेवल्या, म्हणजे एक हरवलं तरी दुसरं राहील.

ज्यांना त्या बाजूला जायचं असेल त्यांच्यासाठी लिहितो. चांदणी चौकातून ताम्हिणीकडे जाणारी एसटी मिळते, पण दिवसात मोजक्याच गाड्या आहेत. वेळ आधी विचारून घ्या. मी तासभर आधी जाऊन उभा राहिलो, तरी गाडी निघून गेली की काय म्हणून तिघांना विचारलं. पिरंगुटपर्यंत रस्त्याला कारखाने आणि बंगल्यांच्या जाहिराती. पौडला गाडी थोडा वेळ थांबते, तिथला वडापाव गरम असतो, पण मी खिडकीतूनच घेतला. खाली उतरलो आणि गाडी सुटली तर काय करा! पुढे मुळशीचं धरण दिसू लागलं की उजव्या बाजूची जागा धरून बसलेल्यांचा मला हेवा वाटतो. पावसाळा नुकताच सरलेला, पाणी काठोकाठ, आणि त्यात डोंगर उलटे उभे.

फाट्यावर उतरून वाडीपर्यंत दीड तासाची चाल आहे. पायवाटेवर शेवाळ असतं. काठी घ्या आणि पाणी घ्या. वाटेत दुकान नाही.

हौसाने नाचणीची भाकरी आणि खेकड्यांचं कालवण केलं होतं. ते खायलासुद्धा ही वाट चालावी. वाढता वाढता ती म्हणाली, "दादा, भात कापणीला आलंय. पोरगी तीन दिस वर रेंजच्या झाडाखाली जाऊन बसली तर हितं इळा कोन धरंल? मी येकली?"

"नोकरी लागली तर?"

"लागली तर जाईलच की ती. मंग तर मी येकलीच हाय." असं म्हणून तिने माझ्या ताटात आणखी एक खेकडा टाकला. मनीषा चुलीपाशी बसून जाळ सारत होती.

बुधवारी उजाडताच आम्ही वर गेलो. वाडीच्या वर पाऊण तासाच्या चढावर डोंगराच्या सोंडेवर एक हिरड्याचं झाड आहे. तेवढ्याच जागी रेंज येते. झाडाला सुतळीने सात-आठ मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून टांगलेले. प्रत्येक पिशवीला वेगळ्या रंगाची चिंधी. गुरं राखायला वर जो असेल त्याने वाजेल तो फोन उचलायचा, निरोप घ्यायचा आणि संध्याकाळी उतरताना त्या त्या घरी सांगायचा. मनीषाच्या पिशवीला हिरवी चिंधी होती.

त्या दिवशी राखणीला ठकूबाई होत्या. चार म्हशी, डोक्यावर इरलं, तोंडात मिश्री. एकापाठोपाठ फोन वाजत होते आणि त्या निरोप घेत होत्या. "व्हय, सांगते. सोमवारी पाव्हनं येनार. न्हाई, कोंबडी न्हाई, सोमवार धरलाय त्यांनी."

मी विचारलं, "एवढं ध्यानात कसं राहतं?"

"तुमचं ध्यानात ऱ्हात न्हाई म्हनून तुमी लिवता. आमाला लिवाय येत न्हाई म्हनून ध्यानात ऱ्हातं." मग त्यांनी मला झाडाचे नियम सांगितले. दुसऱ्याच्या फोनवरून आपण फोन लावायचा नाही. मयताचा निरोप असेल तर संध्याकाळची वाट न बघता तसंच खाली पळायचं. आणि पोरीच्या फोनवर अनोळखी बाप्या बोलला तर नाव-गाव काही सांगायचं नाही. "आमच्या दोन पोरींना लई तरास झाला व्हता. तवापासनं ह्यो नियम."

मला तो नियम फार पटला. मी म्हणालो, शहरात असा नियम पाहिजे.

बुधवारी फोन आला नाही. गुरुवारी सकाळी आभाळ भरून आलं. झाडाखालच्या उतारावर, हाकेच्या अंतरावरच्या हौसाच्या खाचरात कापलेलं भात उघड्यावर पडलेलं. मनीषाचे पाय एकीकडे आणि जीव दुसरीकडे.

"आबा, मी तासाभरात भारे टाकून येते. वाजला तर तुमी त्यांना धरून ठेवा अन् मला हाक मारा. मी पळत येते."

"जा तू. मी हाय की."

ती उतरून गेली आणि अर्ध्या तासात हिरव्या चिंधीची पिशवी वाजली. माझ्या हातून आधी गाठच सुटेना. फोनवर एक माणूस होता. त्याने भरभर इंग्रजीत कसलं तरी नाव सांगितलं. मनीषाने मला सांगितलेलं कंपनीचं नाव ते नव्हतं. नंतर कळलं की माणसं निवडून देणारी दुसरीच एजन्सी असते. मग तो अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत म्हणाला, "मनीषा आहे का? जन्मतारीख कन्फर्म करायची होती."

मी म्हणालो, "तुम्ही कोण?"

"अंकल, लग्न झालंय का तिचं? घरी कोण कोण असतं?"

मी ठकूबाईंकडे बघून मान हलवली.

"आणि रात को आ सकती है क्या? रात्रीची गाडी आम्ही पाठवतो."

"अशी कोणी पोरगी इथं राहत नाही," मी ओरडलो. "पुन्हा फोन केलास तर बघ!" आणि लाल बटण दाबलं.

ठकूबाई म्हणाल्या, "बरं क्येलंसा. आसल्यांना असंच पायजे."

मला, खरं सांगतो, बरं वाटलं. म्हातारपणी आपण घरच्या पोरीच्या कामी आलो असं वाटलं. मनीषा धापा टाकत वर आली तेव्हा मी तिला हे सगळं ऐटीत सांगितलं. ती ऐकता ऐकता खाली बसली.

"आबा, त्ये रातपाळीचं इचारत व्हते. कंपनीची गाडी येते न्यायला. फार्मात लिवलं व्हतं मी, चालेल म्हनून."

ती मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. ठकूबाईंनी तोंडातली मिश्री थुंकली आणि त्या म्हशींकडे बघत उभ्या राहिल्या. आम्ही त्याच नंबरावर परत फोन लावला, दहा-बारा वेळा. प्रत्येक वेळी एक बाई टेपवर इंग्रजीत बोलायची आणि मग नुसतं संगीत. शेवटी बॅटरी संपली.

शुक्रवारी पहिल्या गाडीने आम्ही हिंजवडीला निघालो. हौसाने अडवलं नाही. "जावा," एवढंच म्हणाली आणि एकटीच इळा घेऊन खाचरात उतरली. घोटावडे फाट्याला उतरून माणमार्गे सहा आसनी रिक्षा मिळतात, पण भरल्याशिवाय त्या हलत नाहीत. माणपर्यंत भाताची खाचरं आणि पुढे एकदम काचेच्या इमारती. वाडी आणि ही काच एकाच तालुक्यात आहेत. मला वाटत होतं, कॉम्प्युटर म्हणजे अंतर मिटवणारी वस्तू. त्या दिवशी आम्हाला ते अंतर कापायला सकाळ पुरली नाही.

गेटवरचा वॉचमन लातूरकडचा होता. "काका, पास नाही तर आत नाही. माझी नोकरी घालवता का?" मी हात जोडायला गेलो, तर मनीषाने मला बाजूला केलं. त्याला म्हणाली, "दादा, आत नका सोडू. नुसतं वर फोन करून माझं नाव सांगा." त्याने केला.

बऱ्याच वेळाने गळ्यात पट्टा घातलेली एक मुलगी खाली आली. मनीषाएवढीच असेल. मी म्हणालो, "बाई, चूक माझी आहे. रात्री येईल का विचारलं, मला वाटलं कोणी गुंड आहे."

ती हसली, मग तिने हसू आवरलं. "आजोबा, माझे बाबाही असंच बोलले असते. पण काल संध्याकाळीच पुढच्या नावाला फोन गेला. ती जॉइन होतेय."

मनीषाने विचारलं, "परत कधी घेणार?"

"या महिन्यात अजून काही जागा निघतील. तुझं नाव वर ठेवते. पण मला असा नंबर दे की जो लागेल."

मी आमच्या सूसच्या घरचा नंबर सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. माझ्या भरवशावर कोणी कशाला राहील? मनीषाने माझ्याकडे पाहिलं, त्या मुलीच्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या घरचा नंबर स्वतः लिहिला. मग म्हणाली, "मी हितंच ऱ्हाते. सूसला."

ती तेव्हापासून आमच्याकडे आहे. रोज सुनेला स्वयंपाकात मदत करते आणि घराबाहेर पडत नाही. मी मात्र रात्री पडल्या पडल्या त्या पुढच्या नावाचा विचार करतो. तीही कुठल्या तरी वाडीतलीच असेल. तिचा फोन ज्याने उचलला त्याला कोणाशी काय बोलायचं हे ठाऊक होतं, एवढाच फरक. ठकूबाईंचा नियम चूक होता असं मला अजूनही म्हणवत नाही. तो पोरींसाठीच केलेला. आणि हौसा? तिच्या खाचरातलं अर्धं भात भिजलं. वाडीत कधी टॉवर आला तर आनंदच आहे, पण तोवर वाडीतल्या शिकलेल्या पोरींनाच खाली यावं लागणार, आणि मागं इळा धरायला म्हाताऱ्या राहणार.

काल दुपारी घरचा फोन वाजला. मी शेजारीच बसलो होतो, पण हात मांडीखाली दाबून धरले. मनीषाने पिठाच्या हातानेच उचलला. जन्मतारीख सांगितली. लग्न नाही म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हो, रातपाळी चालेल." सोमवारपासून ये, असं तिकडून सांगितलं. मला वाटलं आता ठेवेल. पण ती म्हणाली, "सर, आमच्या वाडीतल्या अजून दोघींनी कोर्स केलाय. त्यांचा अर्ज घ्याल का?"

तिकडून काहीतरी विचारलं. मनीषाने रिसीव्हरवर हात ठेवला. "आबा, त्यांचा नंबर मागतायत."

मी म्हणालो, "आपलाच दे."

म्हणून यंदा दिवाळीत माझा कुठलाही प्रवास नाही. दोघींचे फोन केव्हा येतील सांगता येत नाही, आणि घरी कोणीतरी असायला पाहिजे.